एका पेटीत एकच साप

हे पुस्तक एका प्रश्नासाठी लिहिले आहे. पाळलेले दोन बोआ साप एकाच पेटीत ठेवावेत का? उत्तर एका शब्दात देता येते: नाही. मग एका शब्दासाठी एवढी पाने का खर्ची घातली, असे वाचकाने विचारले तर ते रास्तच आहे. कारण एवढेच की हा नकार कोणी मनावर घेत नाही. गोठ्यात दोन बैलांचे पटत नसेल तर ते चार दिवसांत शेजाऱ्यालाही कळते. सापाचे तसे नाही. तो ओरडत नाही, दावणीला धडका देत नाही, आणि महिनाभर पोटात काही नसले तरी वरून जसाच्या तसा दिसतो. पाळणारा बापडा समाधानाने सांगतो, "आमच्याकडे तर दोघे गुण्यागोविंदाने राहतात." या पुस्तकाची सारी मांडणी त्या एका वाक्याला उत्तर म्हणून केली आहे.

आता हे उत्तर वाटूरहून का यावे? बोआ हा मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या मुलखातला साप. जालना-मंठा रस्त्यावरच्या, परतूर तालुक्यातल्या, कपाशी-सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या गावाशी त्याचा संबंध काय? संबंध दोन बाजूंनी आहे. पहिला असा की बोआचे भाऊबंद आमच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मांडूळ आणि दुरक्या घोणस हे दोन्ही त्याच गोतातले साप. भुसभुशीत मातीत दडणारे, बिनविषारी, अंडी न घालता थेट पिल्ले देणारे आणि उंदराला विळखा घालून मारणारे. दुसरा संबंध नवा आहे. गावातली पोरे शिकायला, नोकरीला पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जातात. तिथे कोणाच्या तरी फ्लॅटवर काचपेटीतला बोआ किंवा बॉल पायथन पाहतात, मोबाइलवर तर रोजच पाहतात. दिवाळीला गावी आली की विचारणा सुरू होते. "मामा, तसं आपल्याला मांडूळ पाळता येईल का?" नाही, तो गुन्हा आहे. "मग बोआ? तो तर बाहेरचा आहे." तो कायद्यात बसवून पाळता येतो, पण सोपे नाही. एवढे ऐकून झाले की हमखास येणारा प्रश्न असा: "एकटा कंटाळंल ना तो. जोडीच आणली तर?"

खरी गोम या जोडीच्या कल्पनेत आहे. एकटेपणा वाईट, सोबत चांगली, हे माणसाला शिकवावे लागत नाही. आपण गायीला, कुत्र्याला, पोपटाला तीच मोजपट्टी लावतो आणि बहुतेक वेळा ती चुकतही नाही. ती सापाला लावली की मात्र घोटाळा होतो, आणि त्याची किंमत पाळणाऱ्याला नव्हे, सापाला मोजावी लागते.

आधी बोआ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पूर्ण वाढलेला बोआ साधारण दोन ते तीन मीटर भरतो. मादी नरापेक्षा मोठी. नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षे जगतो, आणि फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बोआने तर चाळिशी गाठली होती. म्हणजे कॉलेजात असताना आणलेला साप स्वतःची मुले कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो. रानात हा प्राणी जवळजवळ सगळे आयुष्य एकटाच काढतो. नर-मादी विणीच्या हंगामात एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने जातात. आई पिल्लांना जन्म देते, पण भरवत नाही, राखत नाही. हातभर लांबीचे पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचे पोट स्वतः भरते. ज्या प्राण्याने आईचीसुद्धा सोबत घेतली नाही, त्याला पेटीत भावंड हवे असते हे गृहीत धरायला आधार काय?

यावर जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. साप कधीच एकत्र येत नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या ठिकाणी गार्टर जातीचे हजारो साप चुनखडीच्या भेगांत एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात त्यांचे पुंजके जमिनीवर दिसतात. कॅनडातल्याच दोन संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की गार्टर साप काही ठराविक सापांच्याच जवळ पुन्हा पुन्हा जाऊन बसतात. क्युबातला बोआ गुहेच्या तोंडाशी वटवाघळांची शिकार करताना इतर बोआंच्या बरोबरीने जागा धरतो, त्यामुळे तोंड अडवले जाते आणि शिकार साधते, असे निरीक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लांब कशाला, राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात थंडीत अजगर साळिंदरांच्या बिळांत आसरा घेतात आणि एकाच बिळाच्या तोंडाशी उन्हाला अनेक अजगर पडलेले दिसतात. साप एकमेकांना ओळखतच नाहीत, हे जुने मत आता टिकत नाही, आणि या पुस्तकात ते कुठेही मांडलेले नाही.

पण या प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट समान आहे. साप आपल्या मर्जीने आले आणि मर्जीने गेले. थंडी सरली, अजगर बिळातून निघाला. वटवाघळे गेली, क्युबातला बोआ आपल्या वाटेला लागला. मोठ्या सापाला पाहून धाकट्याने दुसरी भेग धरली. चार फूट लांब, दोन फूट रुंद काचपेटीत नेमकी हीच सोय नसते. तिथे दुसऱ्यापासून लांब जायचे म्हटले तरी जास्तीत जास्त चार फूट जाता येते. एकत्र येणे आणि एकत्र कोंडले जाणे यांतला हा फरक ध्यानात आला की पुढचे सगळे धोके आपोआप उलगडतात.

पहिला धोका डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, तो म्हणजे जागेचा. सापाचे रक्त स्वतः गरम होत नाही. ऊब हवी तेव्हा तो उबेकडे सरकतो, नको तेव्हा सावलीत जातो. म्हणून पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर आणि दुसरी २६-२७ अंशांवर ठेवायची, दोन्हीकडे दडायला एकेक आडोसा द्यायचा, ही बोआ पाळण्याची बाराखडी. पेटीत उबेची जागा एकच असते आणि ती मोठा साप धरतो. धाकटा एकतर थंड कोपऱ्यात पडून राहतो, नाहीतर मोठ्याच्या अंगावर चढून ऊब घेतो. या दुसऱ्या दृश्याचाच फोटो काढला जातो आणि खाली लिहिले जाते, "किती प्रेम!" दोघांनाही एकच जागा हवी आहे, एवढाच त्या फोटोचा अर्थ असतो. जो थंड कोपऱ्यात राहिला त्याचे पचन मंदावते, तो खाणे सोडतो, त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, छातीत घरघर सुरू होते. अंगावर एकही ओरखडा नसतो.

मराठवाड्यात हे गणित उलटेही होते, आणि परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख सापडत नाही. ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली, त्यामुळे ऊब कशी द्यायची यावर प्रकरणेच्या प्रकरणे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते आणि त्यातच वीज जाते. अशा वेळी पेटीतली एकमेव मोलाची जागा म्हणजे ओलसर, गार आडोसा. तो मोठ्याने बळकावला की धाकटा तापलेल्या काचेला टेकून राहतो. थंडीत धाकट्याला आजार जडायला आठवडे लागतात. उन्हाळ्यात एक दुपार पुरते.

दुसरा धोका खाण्याचा, आणि अपघात घडतो तो बहुधा इथेच. बोआची नजर फारशी तेज नसते. तो वास, ऊब आणि हालचाल यांवर झेप घेतो. पेटीत उंदराचा वास सुटला की समोर जे उबदार किंवा हलणारे असेल ते त्या घडीला भक्ष्यच. दोन साप एकाच उंदराला दोन टोकांनी धरतात. बोआचे दात आत वळलेले असतात, पकड सोडणे त्यालाही सोपे नसते. गिळत गिळत दोघांची तोंडे समोरासमोर येतात आणि मोठा थांबला नाही तर उंदरामागोमाग धाकट्याचे डोकेही आत जाते. अशा गिळण्यात कधी एक मरतो, कधी दोन्ही. गिळले नाही तरी विळखा आहेच. विळख्याने श्वास कोंडून भक्ष्य मरते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआच्या विळख्यात सापडलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला, तेव्हा दिसले की काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडते आणि हृदयाची लय बिघडते. म्हणजे दोन साप गुंतलेले पाहून पाळणारा स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंतसुद्धा उशीर झालेला असू शकतो.

"मी खाऊ घालताना वेगळे काढतो," असे अनेक जण सांगतात. काढणे चांगलेच, पण त्याने धोका संपत नाही. खाल्लेल्या सापाच्या तोंडाला, अंगाला वास तसाच राहतो. तो परत पेटीत ठेवला की दुसऱ्याच्या लेखी तो उंदराच्या वासाची हलती वस्तू असतो. शिवाय भरल्या पोटी सापाला उचलणे, हलवणे म्हणजे त्याला ओकायला लावणे.

आणि ओकारीवरूनच तिसऱ्या गोष्टीकडे येतो. तिला मी धोका म्हणण्यापेक्षा आंधळेपण म्हणेन. सकाळी पेटी उघडली. कोपऱ्यात अर्धवट पचलेला, केस गळालेला, आंबूस घाण मारणारा उंदीर पडला आहे. शेजारी दोन साप, दोन्ही शांत, दोन्ही जिभा काढताहेत. ओकला कोण? साप एकटा असता तर उत्तर तिथल्या तिथे मिळाले असते. मग दोन आठवडे खाणे बंद, उबेची तपासणी, पुन्हा ओकला तर डॉक्टर. इथे मात्र निरोगी सापाला उगीच उपाशी ठेवायचे की आजाऱ्याला पुन्हा खाऊ घालायचे? विष्ठेत रक्त दिसले, कोणाचे? पेटीत दात पडलेला सापडला, कोणाचा? सापाची प्रकृती त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत नाही. ती त्याच्या नोंदवहीत वाचायची असते: कधी खाल्ले, कधी विष्ठा केली, कधी कात टाकली, वजन किती. दोन साप एका पेटीत ठेवले की ही वहीच बंद पडते. वाटूरसारख्या ठिकाणी याचे महत्त्व दुप्पट. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस गाई-म्हशी-बैलांत जातो. सापाची सवय असलेला डॉक्टर गाठायचा तर परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय नाहीतर थेट पुणे-मुंबई. तिथवर गेलेल्या माणसाच्या हातात निदान खरी माहिती तरी असावी.

चौथा धोका रोगाचा. या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण त्याच्यावर आहे. बोआ-अजगरांमध्ये 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' नावाचा एक आजार आहे. १९७०च्या दशकापासून अमेरिकेतल्या संग्रहांत तो दिसत होता, पण कारण सापडत नव्हते. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या शास्त्रज्ञांना आजारी सापांत अरीनाव्हायरस कुळातले विषाणू सापडले. तोवर हे कूळ फक्त सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदीरवर्गात, माहीत होते. आजारी साप ओकतो, झडतो, मान उलटी टाकून छताकडे पाहत राहतो, पाठीवर पडला तर स्वतःला सरळ करू शकत नाही. याला औषध नाही, लस नाही.

पण खरी भीती या लक्षणांची नाही, लक्षणे नसण्याची आहे. बोआ हा विषाणू महिने, कधी वर्षे, अंगावर काहीही न दाखवता बाळगू शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत तपासलेल्या सापांपैकी जवळपास पाचातला एक बाधित निघाला आणि त्यांतले बहुतेक वरून धडधाकट होते. अजगराला हाच विषाणू लागला तर तो फार झपाट्याने, मेंदूच्या लक्षणांसह जातो. म्हणून बोआ आणि बॉल पायथन जातीचा अजगर एका पेटीत ठेवणे ही दोन बोआ ठेवण्याहूनही मोठी चूक. विषाणू आईकडून पिल्लांकडे जातो हे सिद्ध झाले आहे. सापाच्या खवल्यांखाली रक्त पिणारे माइट तो एकाकडून दुसऱ्याकडे नेत असावेत, असा दाट संशय आहे. हे माइट खसखशीएवढे. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसू लागतात, साप तासन्‌तास पाण्यात पडून राहतो, तेव्हा पाळणाऱ्याला जाग येते. उबेत त्यांची पुढची पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार. एकट्या सापाची पेटी साफ करणे त्रासाचे असते, पण जमते. दोन सापांत ते एकावरून मारावेत तर दुसऱ्यावर चढलेले असतात.

याला जोड मिळते आडमार्गाने येणाऱ्या सापांची. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. जे पकडले जात नाहीत, ते असेच दाटीवाटीने, उपाशी, वेगवेगळ्या जातींचे एकत्र येऊन कुठल्या तरी दिवाणखान्यातल्या पेटीत पोचतात. विकणारा सांगतो तो वंश आणि वय यांवर विश्वास ठेवून नवा साप जुन्याच्या पेटीत सोडणे म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ. नवा साप निदान तीन महिने, जमल्यास सहा, वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचा. हा नियम ज्याला पाळायचा आहे त्याला दुसरी पेटी घ्यावीच लागते. एकदा ती घेतली की दोघांना एकत्र आणायचे प्रयोजनच उरत नाही.

पाचवा धोका पिल्लांचा, आणि त्याला कायद्याची बाजू आहे. नर-मादी एकत्र ठेवली तर नर हंगाम पाळतो, मादीची तयारी पाळत नाही. वाढ पुरी न झालेली मादी गाभण राहिली तर ती पिल्लांसाठी स्वतःचे शरीर झिजवते, मेलेली पिल्ले टाकते, कधी स्वतःच जाते. दोन नर असले तर हंगामात ओढाताण आणि चावाचावी. 'दोन्ही माद्याच आहेत' हा दुकानदाराचा शब्द तर बोआच्या बाबतीत फार वेळा खोटा ठरतो. सगळे सुरळीत झालेच तर एका विणीत पंचवीसेक पिल्ले होतात, कधी याहून बरीच जास्त. प्रत्येकाला स्वतंत्र डबा, स्वतंत्र खाणे. गंमत अशी की २०१० मध्ये अमेरिकेत एका बोआ मादीने नराशिवाय पिल्ले दिल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. ती नरांसोबत राहत होती आणि तरीही पिल्लांत नराचा वाटा नव्हता. तो अपवाद झाला. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार मात्र 'चुकून झाली पिल्ले' हाच.

कायदा या 'चुकून'ला जागा देत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा, पण परदेशी प्राणी त्यात नेमकेपणाने आले ते २०२२च्या दुरुस्तीने. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले प्राणी आता अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आहेत आणि बोआ त्या याद्यांत आहे. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची, आणि पुढे जन्म झाला, मृत्यू झाला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचे. पंचवीस पिल्ले म्हणजे पंचवीस नोंदी. कंटाळून ती शेतात सोडून दिली तर? मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१च्या सुमारास मोजके बोआ सोडले गेले, आज ते बेटभर आहेत. अरुबा बेटावर १९९९ मध्ये पहिला बोआ आढळला, पुढे तिथल्या पाखरांवर संक्रांत आली आणि आता त्यांना हटवणे कोणाला जमलेले नाही. गोदाकाठच्या उसात किंवा दुधनेच्या काठी असा प्रयोग कोणी करू नये.

इथवरचे वाचून वाटूर-परतूर-मंठ्याचा वाचक म्हणेल, आमच्याकडे बोआ आहेत किती? फार नसतील. पण एका भांड्यात दोन साप कोंबण्याची सवय आमच्याकडेही आहे. फक्त भांडे काचेचे नसते.

पावसाळ्यात सर्पमित्राला एका दिवसात दोन-तीन फोन येतात. एक साप गोठ्यातून, दुसरा सोयाबीनच्या गंजीतून, तिसरा शाळेच्या व्हरांड्यातून. पोते एकच हाताशी असते. धामणीच्या पोत्यात मण्यार टाकली जाते. मण्यार दुसरे साप खाते हे पाठ असणारा माणूससुद्धा घाईत हे करतो. नागही साप खातो, नागालाही. पोत्यात हात घालताना आत किती, कोणता, कोणत्या बाजूला, हे न कळल्याने होणारे दंश वेगळेच. जगून वाचून सुटलेला साप दुसऱ्याचे माइट आणि कृमी घेऊन रानात जातो. एका सापाला एक कापडी पिशवी आणि तिला एक घट्ट बरणी, वन विभागाला वेळेवर खबर आणि लवकरात लवकर सुटका. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

मांडुळाची कथा याहून वाईट. गुप्तधन दाखवतो, दोन्हीकडे तोंड असते, वजन अमुक किलो भरले तर लाखो रुपये मिळतात, अशा थापांवर महाराष्ट्रात त्याची तस्करी वर्षानुवर्षे चालू आहे. शेपटी आखूड नि बोथट असते, एवढेच त्या दुसऱ्या 'तोंडा'चे रहस्य. भाव वजनावर ठरतो, म्हणून पकडलेली मांडुळे माती भरलेल्या डब्यात एकत्र कोंबून त्यांना बळेच खाऊ घातले जाते. वर सांगितलेले सगळे धोके त्या डब्यात एकत्र नांदतात. बांधावरचे उंदीर फुकटात मारणारा हा साप असा डब्यात कुजत मरतो, आणि दुसऱ्या वर्षी आपण उंदरांच्या औषधाला पैसे मोजतो.

याउलट, आपल्याकडच्या जुन्या लोकांना यातले काही कळत होते असेही दिसते. गारुड्याच्या धंद्यातले क्रौर्य मान्य करूनही सांगायला हवे की तो सहसा एका टोपलीत एकच नाग ठेवत असे. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतही नाग मडक्यांत निरनिराळे ठेवले जात. त्यांना विषाणू माहीत नव्हता, पण दोन नाग एकत्र ठेवले की एक वाया जातो हे अनुभवाने माहीत होते. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. तो विक्रम अनेकांच्या लक्षात आहे आणि 'बघा, इतके साप एकत्र राहिलेच ना' असा दाखलाही दिला जातो. त्या प्रयोगाने सिद्ध केले ते इतकेच की न डिवचता साप माणसाला चावत सुटत नाही. तीन दिवसांत जे निभावले ते तीस वर्षांना लागू होत नाही. खैऱ्यांनीच पुढे कात्रजला सर्पोद्यान उभे केले. तिथे जाऊन कोणीही पाहावे की साप सांभाळणे म्हणजे मुख्यतः जागा, नोंद आणि स्वच्छता यांचे काम आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. पहिल्या भागात सापाचे शरीर आणि ऊब, दुसऱ्यात खाणे आणि अपघात, तिसऱ्यात रोग आणि विलगीकरण, चौथ्यात वीण आणि कायदा, आणि पाचव्यात सर्पमित्रांसाठी पिशवीपासून सुटकेपर्यंतची कामाची पद्धत आहे. जिथे शास्त्राचे मत ठाम आहे तिथे ठामपणे लिहिले आहे. प्राणिसंग्रहालयांत मोठ्या दालनांत, अनेक आडोसे देऊन, रोज पाहणारी माणसे ठेवून काही जातींचे साप एकत्र ठेवले जातात. त्यावर वेगळे प्रकरण आहे, पण ते घरी करून पाहण्यासाठी नव्हे. हे पुस्तक साप पाळा असे सांगत नाही. ज्यांनी पाळला आहे त्यांना, आणि ज्यांच्या हातात रानातला साप तासाभरासाठी येतो त्यांना, ते उद्देशून आहे.

ज्यांच्या पेटीत आज दोन बोआ आहेत त्यांनी पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. आजच दुसरी पेटी मांडावी, दोघांची वजने करावीत, दोन वह्या घालाव्यात आणि महिनाभराने त्या ताडून पाहाव्यात. आणि ज्यांच्याकडे दुसऱ्या पेटीसाठी पैसा, जागा किंवा सवड नाही, त्यांनी दुसरा साप आणू नये.

वाटूर, ता. परतूर, जि. जालना